बाकावरचा हात

आमच्या हॉस्पिटलात टाके घालणारी माणसं दोन प्रकारची. एक डॉक्टर, ते माणसांना घालायचे. दुसऱ्या आमच्या काकू, त्या चादरींना घालायच्या. एकदा मोठे सर्जन कोटाचा फाटका खिसा घेऊन कपड्यांच्या खोलीत आले आणि म्हणाले, "बाई, टाके आम्हीही घालतो, तुम्हीही घालता. पण माझी गिऱ्हाईकं तक्रार घेऊन परत येतात, तुमची येत नाहीत. हे कसं?"

काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या गिऱ्हाइकांना तोंड नसतं डॉक्टर. चादरी गरीब असतात बिचाऱ्या."

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं टाकेकाकू. खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल तेवढंच.

मी त्याच हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचो. जन्मभर वर गेलो, खाली आलो, पुढे काही गेलो नाही, असं माझी बायको म्हणायची. पण लिफ्टमध्ये माणूस जसा कळतो तसा घरात कळत नाही. दार बंद झालं की बडा डॉक्टरही छताकडे बघतो आणि सुस्कारा सोडतो. टाकेकाकू मात्र लिफ्टमध्ये सुस्कारा सोडायच्या नाहीत, माझ्या शर्टाकडे बघायच्या. "लिफ्टवाले, तिसरं बटण लोंबतंय," म्हणायच्या, आणि मजला येईस्तोवर पदराला खोचलेली सुई काढून बटण पक्कं करून द्यायच्या. चालत्या लिफ्टमध्ये! एकदाही टोचली नाही.

पेशंटचे ते झगे असतात ना, मागून उघडे, नाड्या बांधायचे? त्यांना पूर्वी नाड्यांची एकच जोडी असायची. पेशंट बिचारा उठला की एका हाताने सलाईनचा दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःची अब्रू. काकूंनी कुणाला न विचारता प्रत्येक झग्याला आणखी एक जोडी लावली. जुन्या चादरींच्या काठातून. वरिष्ठांनी विचारलं, "कुणाच्या आदेशाने?" काकू म्हणाल्या, "तुम्ही एकदा घालून व्हरांड्यातून चालून दाखवा, मग आदेश कुणाचा ते सांगते." विषय तिथेच मिटला. नाड्या राहिल्या.

माझी नात म्हणते, आजोबा, तुम्ही गोष्ट सांगता की गावभर फिरवून आणता? बरं, येतो मुद्द्यावर. गोष्ट लपवून ठेवून शेवटी टाळी घ्यायची मला सवय नाही, म्हणून काकूंना काय हवं होतं ते आत्ताच सांगून टाकतो. आम्हाला ते फार उशिरा कळलं. तुम्हाला आधी कळलेलं बरं.

काकूंना एक मुलगी होती. नवरा लवकर गेला, तेव्हा ही जेमतेम रांगत होती. दिवसभर कपड्यांच्या खोलीत, मशीनच्या पायाशी, दोऱ्याच्या रिळासारखी इकडून तिकडे गडगडत असायची, म्हणून काकू तिला रिळू म्हणायच्या. मी तिला लिफ्टमध्ये बसवून फिरवून आणायचो. वर जाताना ती डोळे गच्च मिटायची आणि खाली येताना उघडायची. मी विचारलं, असं का गं? तर म्हणाली, "वर काय ते माहीत नाही, खाली आई आहे ते माहीत आहे."

मग रिळूला धाप लागायला लागली. हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. मुलांच्या वॉर्डात तिला ठेवून घेतलं आणि ती तिथलीच होऊन गेली. आई खाली, लेक वर, मध्ये माझी लिफ्ट.

हॉस्पिटलच्या आवारात एक छोटं दगडी प्रार्थनाघर होतं. चॅपेल म्हणायचे सगळे. हॉस्पिटल बांधलं तेव्हाचंच. उंच छत, रंगीत काचांच्या तीन खिडक्या, आणि भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी लाकडी बाकांच्या रांगा. दुपारी तिथे गार असायचं आणि कुणी नसायचं. डॉक्टरांच्या परवानगीने काकू जेवणाच्या सुट्टीत रिळूला तिथे घेऊन बसायच्या. मांडीवर रफूचं काम, शेजारी लेक. गाद्या शिवायचा मोठा बोथट दाभण रिळूला खेळायला दिलेला.

एका दुपारी काकूंनी बघितलं, तर रिळूने भिंतीकडच्या टोकाला बाकावर डावा पंजा पसरून ठेवलेला आणि दाभणाने त्याच्याभोवती लाकडात टिंबं पाडत चाललेली. आई कच्चा टाका घालते तसं, सारख्या अंतरावर. टोच, सरक. टोच, सरक.

"अगं ए! बाक हॉस्पिटलचं आहे!"

"मग मी पण हॉस्पिटलचीच आहे."

काकूंना हसावं की रडावं कळेना. "पण हे कशाला?"

"माप घेतेय. पुढच्या वर्षी हात ठेवून बघायचा, केवढा वाढला ते."

चार बोटं झाली आणि औषधाची वेळ झाली. अंगठा राहिला. रिळू म्हणाली, अंगठा उद्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीतून कपड्यांचा ढीग आला, काकूंना हलता येईना. वॉर्डातली आया रिळूला चॅपेलमध्ये घेऊन गेली. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "काय गं, झाला का अंगठा?"

रिळू गालात हसली. "ओळख."

"झाला."

"तू ये आणि बघ."

"उद्या येते."

उद्या पुन्हा ढीग होता. परवाही होता. मग ताप आला, आणि मग रिळू पुन्हा चॅपेलमध्ये गेलीच नाही. खाली आली ती माझ्याच लिफ्टमधून, चादरीखाली. ती चादर काकूंनीच कधीतरी रफू केलेली. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. आणखी काय करणार होतो?

काकू पुढे कितीतरी काळ चॅपेलकडे फिरकल्या नाहीत. आवारातून जाताना त्या बाजूची वाट सोडून लांबून जायच्या. मन घट्ट करून एकदाच्या गेल्या, तर आतली सगळी बाकं तपकिरी ऑइलपेंटने रंगवून काढलेली. टिंबं कुठली दिसतात! बाकंही हलवलेली, कुठलं कुठे गेलं पत्ता नाही. रंगाऱ्याला विचारलं, तर तो हसला, "बाई, भोकं बुजवायचाच तर पगार घेतो मी." त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. रिळूचा घरात एक फोटो होता, वॉर्डात काढलेला. त्यात ती हनुवटीपर्यंत पांघरुणात. हात आतच.

म्हणजे काकूंना जन्मभर एवढंच बघायचं होतं, की अंगठा झाला होता का.

आता पुढचं ऐका. हॉस्पिटलची नवी इमारत झाली, जुन्याचं बरंचसं पडलं, मी आणि काकू दोघंही निवृत्त झालो. चॅपेल उभं राहिलं, पण मोडक्या खाटा आणि गंजलेल्या सलाईनच्या दांड्यांची कोठी होऊन. मग मेट्रनबाईंच्या डोक्यात आलं. मेट्रनबाई म्हणजे आमच्या वेळच्या मुख्य नर्स. पाठ अजून ताठ, आवाज अजून असा की ऐकून पेशंटचा ताप उतरावा. त्या हॉस्पिटलच्या लोकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ही जागा आम्हाला द्या. आम्ही साफ करतो, दुरुस्त करतो. पेशंटच्या नातेवाइकांना टेकायला जागा नाही, मुलांना वाचत बसायला जागा नाही. कुणीही यावं, बसावं, गावं, रडावं."

परवानगी मिळाली. मग त्यांनी आम्हा जुन्या मंडळींना गोळा केलं. हॉस्पिटलचा सुतार, त्याला सगळे मामा म्हणायचे. औषधं बांधून द्यायचे ते कंपाउंडर. मी. शिवाय आसपासच्या वस्तीतली येऊन-जाऊन असणारी बरीच माणसं. पगार नाही, हजेरी नाही, फक्त चहा. चहा कंपाउंडर करायचे, मागच्या अंगणात तीन विटा मांडून. साखर चमच्याने घालून वर बोटाने सपाट करायचे, जणू कुणी जास्त डोसाने दगावेल. मामा म्हणायचे, "अहो, चहा करताय की पुड्या बांधताय?"

मामांचं आणि माझं एक भांडण कायमचं. मी शिडीवर चढून खिडकीच्या काचा पुसायचो आणि वरून गोष्टी सांगायचो. मामा खालून ओरडायचे, "आजोबा, काच पुसा, तोंड पुसू नका आमच्या कानांवर!" त्यांना जवळचं दिसायचं नाही आणि चष्मा लावायचा नाही. लाकूड डोळ्यांनी नाही, हाताने बघायचं असतं म्हणायचे. हात मात्र असा, की दरवाजा कुरकुरला तर नुसतं थोपटून गप्प करायचा.

पहिल्याच दिवशी टाकेकाकू आल्या. कंबर वाकलेली, पदराला सुई खोचलेली. मेट्रनबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. पडदे शिवायचेत."

"पडदे मागाहून शिवते. मी बाकांचं करते."

"अहो, ते घासकाम आहे, पुरुषांना करू द्या."

"बाकांचं मी करते," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून बसल्या.

त्यांची पद्धत जगावेगळी. मामांकडे रंग उतरवायचं औषध होतं, खरवडायच्या पत्र्या होत्या, रंधा होता. काकूंनी काही घेतलं नाही. सोड्याचं गरम पाणी, फडकं, आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून टाकून दिलेली लोण्याची बोथट सुरी. पाण्याने रंग फुगवायचा आणि सुरीने अलगद सोलायचा, दुधावरची साय काढावी तसा. एकेका बाकाला दिवसामागून दिवस. एक बाक पुरं सोललं की डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवायच्या. मग थोडा वेळ बसून राहायच्या, आणि पुढचं बाक.

कंपाउंडर विचारायचे, "काकू, बाकाला ताप आहे का बघताय?"

"ताप नाही, नाडी बघते."

"लागतेय का?"

"अजून नाही."

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या बाईची हौस आहे, चांगलं काम करायची. एकदा मामांनी रंधा आणला, "काकू, सरका, चुटकीसरशी करून देतो." तर काकूंनी बाकावर आडवे हात टाकले. "मामा, रंधा लावायचा नाही माझ्या बाकांना. लाकूड जुनं आहे." मामा म्हणाले, "बरं बाई, तुमचं बाक, तुमची सुरी." तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं असतं तर? पण नाही सांगितलं. मला पुढे म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळे मिळून शोधायला लागला असता. मला ते एकटीला सापडायला हवं होतं, लिफ्टवाले. ती मला म्हणाली होती, तू ये आणि बघ."

बाकं सोलत सोलत काकूंनी एक रांग पुरी केली. दुसऱ्या रांगेतलीही थोडीच उरली होती. सोड्याच्या वाफेने आणि जुन्या रंगाच्या धुळीने त्यांना खोकला धरला. आधी त्यांनी दाद दिली नाही, मग एके दिवशी उठताच येईना. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं. कंपाउंडर औषध द्यायला गेले, तेव्हा काकूंनी त्यांच्याजवळ निरोप दिला: "माझी बाकं तशीच राहू द्या. मी येते."

कंपाउंडरांनी तो निरोप शब्दाला शब्द आणला, औषधाच्या चिठ्ठीसारखा. पण निरोप आणणं वेगळं आणि तो पोचणं वेगळं.

मेट्रनबाईंचा वॉर्डातला एक जुना दंडक होता. जी नर्स आजारी पडेल तिचं उरलेलं काम बाकीच्यांनी उचलायचं, आणि उचललं हे तिला बोलून दाखवायचं नाही. ती परत आली की काम झालेलं दिसलं पाहिजे, उपकार दिसता कामा नये. आमच्या मंडळींतही तो दंडक चालू होता. मी पडलो होतो तेव्हा माझ्या खिडक्या अशाच चकाचक झाल्या होत्या, कुणी केल्या अजून माहीत नाही.

तेव्हा काकूंचा निरोप ऐकून मेट्रनबाईंचे डोळे भरून आले. "बघा. अंथरुणावर पडलीय आणि आम्हाला त्रास नको म्हणून सांगतेय. जन्मभर कुणाकडून काही घेतलं नाही तिने. मामा, तिची बाकं करून टाका. ती येईल तेव्हा नुसतं बसायचं शिल्लक ठेवा."

मामांनी बाह्या सरसावल्या. औषध लावून रंग उतरवला. रंध्याचं काकूंनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, म्हणून रंधा बाजूला ठेवून पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायला लागले. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली होती. चॅपेलचं पुढचं टेबल, आमच्या सगळ्यांत देखणं लाकूड, उचलायला गेलो तर पाय हातात आला. आतून किडीने पार पीठ केलेलं. मामांनी ते टेबल जाळलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं: जिथे टाचणीएवढं भोक दिसेल तिथे मला हाक मारा. एका लाकडातून ती सगळीकडे जाते.

मी शिडीवर होतो. तिथून मला मामांचं टक्कल तेवढं दिसत होतं. ते एका बाकाच्या टोकाशी वाकले, हात फिरवला, आणि थबकले.

"लागली," ते म्हणाले. "इथेही लागली."

कंपाउंडर गाळणं हातात घेऊन आले. "कीड? बघू. अहो, ही तर ओळीने गेलीय!"

"हो ना. अशी कधी पाहिली नव्हती. वळणं घेत घेत गेलीय."

"शिकलेली दिसते," कंपाउंडर म्हणाले, आणि सगळे हसले. मीही वरून हसलो. कुणीतरी काही हसण्यासारखं बोललं की मी हसतो, माझा स्वभावच तो.

"काकू रंधा नको म्हणाल्या होत्या," मामा पुटपुटले. मग म्हणाले, "पण कीड आहे म्हटल्यावर त्याही हो म्हणतील. सगळी बाकं घालवायची का एकापायी?"

आणि रंधा फिरला. काय आवाज असतो हो चांगल्या रंध्याचा! कापड फाडल्यासारखा, पण गोड. लाकडाची कुरळी सालपटं खाली पडत गेली, पातळ, वास घ्यावा अशी. कंपाउंडरांनी ती गोळा करून विटांच्या चुलीत घातली आणि चहा टाकला. त्या दिवशीचा चहा फार छान झाला होता. मेट्रनबाईंनी तसं म्हटलंही.

काकू बऱ्या होऊन आल्या तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. खिडक्यांतून लाल-निळा उजेड बाकांवर पडलेला, सगळी बाकं पॉलिश होऊन चमकत होती. आम्ही सगळे दंडकाप्रमाणे आपापल्या कामात, कुणी काही बोलत नव्हतं, पण प्रत्येकाचा एक डोळा दाराकडे. लहान मुलांसारखे झालो होतो. आता काकू खूश होतील.

काकू दारात थांबल्या. मग सरळ त्या उरलेल्या बाकांकडे गेल्या. पहिल्यावर तळवा फिरवला. दुसऱ्यावर. डोळे मिटून, पण हात घाईत. शेवटचं बाक झालं तेव्हा हात तिथेच राहिला.

"मामा," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीचाच. "ह्या बाकांवर काही होतं का हो?"

मामांना दंडक मोडायचा नव्हता, पण थेट विचारल्यावर काय करणार? अभिमानानेच सांगितलं. "बाकीची ठणठणीत होती. ह्या मधल्याला कीड होती. काळजी करू नका, नखाएवढीही ठेवली नाही."

"कशी होती?"

"अहो, गंमतच. ओळीने टिंबंटिंबं. अशी वर गेलेली, वळलेली, परत खाली आलेली," आणि मामा काकूंना त्या बाकाशी नेऊन बोटाने काढून दाखवायला लागले, "मग पुन्हा वर, परत खाली, पुन्हा…"

तिसऱ्या बोटाशी मामांचं बोट थांबलं. लाकूड हाताने बघणारा माणूस. त्याच्या हाताला ते आता कळलं.

मामांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "केवढा होता?"

मामांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. छोटंसं. काकूंनी त्या दोन हातांच्या मध्ये, पॉलिश केलेल्या लाकडावर, आपला तळवा ठेवला. तो केवढा तरी मोठा होता.

"आणि अंगठा, मामा? अंगठा होता का?"

"मी… मला कीड वाटली हो काकू. मी मोजलं नाही."

मग काकूंनी सांगितलं. तिथेच बसून, हात न उचलता, अगदी थोडक्यात. मी तुम्हाला जे सुरुवातीला सांगितलं ते सगळं त्यांनी कपड्यांची घडी घालावी तसं सांगून टाकलं. मेट्रनबाई, जन्मात कुणासमोर वाकल्या नाहीत त्या, खाली फरशीवर बसल्या. "तिने सांगितलं होतं," त्या एवढंच म्हणत राहिल्या. "तिने निरोप पाठवला होता."

मामा मागच्या अंगणात धावले. चुलीतली राख हाताने उपसली, कोपऱ्यातला भुसा उपसला, पाचोळ्यात बघितलं. एखादं सालपट, टिंबं असलेलं एखादं. कंपाउंडर शेजारी उभे होते, हातात किटली. "सगळी घातली मी," ते म्हणाले. "सगळी घातली हो. चांगली पेटत होती."

काकू कुणावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मामांच्या राखेने भरलेल्या हातांकडे बघून म्हणाल्या, "उठा. शर्ट बघा तुमचा, बाहीचं बटण गेलंय." आणि पदराची सुई काढली. दोरा ओवायला मात्र त्यांना जमेना. मेट्रनबाईंनी ओवून दिला.

मामा म्हणाले होते, मी परत काढून देतो, मला वळणं आठवतात. काकू म्हणाल्या, "नको मामा. तो तुमचा हात होईल."

चॅपेल उघडलं. लोक यायला लागले. नातेवाईक टेकतात, मुलं वाचत बसतात, एक बाई रोज येऊन गाणं म्हणून जाते, आवाज फाटका आहे पण कुणी काही म्हणत नाही. काकूंनी पडदे शिवले, आणि सगळ्या बाकांना पातळ गाद्या. त्या मधल्या बाकाची गादी भिंतीकडे वीतभर आखूड आहे. एका नव्या माणसाने विचारलं, "काकू, कापड कमी पडलं का?" काकू म्हणाल्या, "हो, कमी पडलं." ज्या बाईने जन्मभर कापडाचं माप सुतभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, ती.

मामा मात्र खंगले. ते येतात आणि त्या मोकळ्या वीतभर लाकडावर हात ठेवून बसतात, आठवायला. मला विचारतात, "आजोबा, तुम्ही वरून बघत होतात. अंगठा होता का?" मी म्हणतो, मला तुमचं टक्कल दिसत होतं मामा. ते हसत नाहीत. एके दिवशी म्हणतात, होता बहुतेक, कडेला काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी म्हणतात, नव्हता. बोटं आठवतात, एकेक टिंब आठवतं, आणि अंगठ्याच्या जागी नुसता रंधा आठवतो.

कंपाउंडर त्यांना म्हणाले, "अहो, होता म्हणून सांगून टाका. म्हातारीच्या जिवाला तेवढंच औषध."

"सांगेन हो. पण ती विचारेल, केवढा होता. मग?"

तरी एका संध्याकाळी मामांनी धीर केला. काकू बाकावर बसून कुणाची तरी पिशवी शिवत होत्या. मामा समोर उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, आठवलं मला. होता अंगठा. पुरा होता."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोरा दातांनी तोडला आणि हळूच म्हणाल्या, "कच्चा टाका आहे मामा. ओढला की निघेल." आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाल्या, "बसा."

मामा बसले.

मी अजून काचा पुसायला जातो. वरून आता गोष्टी सांगत नाही. खाली काकू येतात, त्या मोकळ्या लाकडावर डावा तळवा पसरून ठेवतात आणि डोळे मिटतात. शिडीवरून मला त्यांचा हात नीट दिसतो. एखाद्या दिवशी अंगठा आत मुडपलेला असतो, आणि एखाद्या दिवशी उघडा.